पिसवा कुठून आल्या

माझं ऑफिसातलं काम छाननीचं. नोकरीच्या अर्जांना लोक दाखले जोडतात, जातीचे, रहिवासाचे, शिक्षणाचे. त्यातला खरा कोणता आणि बनावट कोणता, ते पाहायचं. वर्षानुवर्षं हेच केलं की माणूस घरी आल्यावरही छाननीच करत राहतो. मीही करते. दुधाची पिशवी हातात आली की आधी उलटी करून पाहते, मग ठेवते.

त्या मार्चमध्ये सासूबाईंना आमच्याकडे येऊन सहा-सात महिने झाले होते. सासरे रेल्वेत होते. ते गेल्यावर त्या गोंदियाला एकट्याच राहत होत्या. गुडघे फारच धरले तेव्हा नवऱ्याने त्यांना रायपूरला आणलं. बूढापाऱ्यातलं आमचं घर तीन खोल्यांचं, त्यातली एक त्यांची झाली. भांडण असं कधी झालं नाही. पण डाळीचा डबा कोणी हलवला, पंखा कोणी चालू ठेवला, याची नोंद दोघीही मनात ठेवत होतो. बोलत मात्र नव्हतो.

एका रविवारी कूलरवाल्याला बोलावलं. आमचा कूलर वर्षभर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवरच असतो. त्याने मागची जाळी उघडली, आतली जुनी घास, म्हणजे गवताची गादी, ओढली आणि थांबला.

"दीदी, एमा चिटरा के पिला हे."

घासेच्या आत खारीने घरटं केलं होतं. कापूस, सुतळीचे धागे, आमच्याच पायपुसण्याच्या चिंध्या. त्यात तीन पिल्लं होती. बोटाएवढी, डोळे मिटलेली, पाठीवरचे पट्टे नुकते दिसू लागलेले. मी घरट्यासकट ती बुटांच्या खोक्यात उचलून ठेवली आणि खोकं बाहेरच स्टँडवर राहू दिलं. वाटलं, आई येईल आणि एकेक करून नेईल. ती समोरच्या भिंतीवर दोनदा दिसली, ओरडली, पण जवळ आली नाही. संध्याकाळी शेजारचं मांजर खोक्यापासून हातभर अंतरावर बसलेलं दिसलं. तेव्हा माझ्या मुलीने, ती तेव्हा बारा वर्षांची होती, धावत जाऊन खोकं आत आणलं.

"घरात नोको आणू ते," सासूबाई म्हणाल्या. "जंगली जीव आहे. त्याच्यासंग काय काय येते."

"चार दिवसांची गोष्ट आहे, आई. जरा मोठी झाली की सोडून देऊ."

 त्यांनी खोक्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी लक्षात ठेवली.

तिसऱ्या दिवशी माझ्या घोट्यांवर लाल गांध्या उठल्या. ओळीने तीन-तीन, आणि खाज अशी की ऑफिसात टेबलाखाली चप्पल काढून पाय घासत बसले. मला वाटलं, ढेकूण. आणि ढेकूण म्हटल्यावर पहिली आठवण झाली ती सासूबाईंच्या गोंदियाहून आणलेल्या जुन्या कापसाच्या गादीची. त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेले, गादीचा कोपरा उचलला आणि शिवण बोटाने चाचपू लागले. मागे वळले तर त्या दारात उभ्या. केस ओले, हातात टॉवेल.

"काय पाहून राहिली?"

"काही नाही. चादर बदलायची होती."

"कालच बदलली." त्यांनी आपला हात पुढे केला. मनगटावर तशाच गांध्या. "मले वाटलं, तुह्या ऑफिसच्या बसमधून आले."

म्हणजे मी त्यांच्या गादीवर संशय घेत होते आणि त्या माझ्या पर्सवर. नंतर कळलं, आदल्या दिवशी त्यांनी ती पर्स बाल्कनीत नेऊन झटकली होती.

संध्याकाळी मुलगी पिल्लांना दूध पाजत होती. एकदम ओरडली, "मम्मी, देखो, इसके पेट पे कुछ भागा!"

मी टेबललॅम्प जवळ ओढला. पिल्लाच्या पोटाची कातडी इतकी पातळ की आतलं दूध पांढरं दिसत होतं. त्या कातडीवरून तपकिरी दाणा सरकत गेला आणि काखेत शिरला. मग दुसरा. मानेच्या केसांत काळ्या मिऱ्याची पूड सांडावी तसे कण होते. ओल्या कापसाने ते पुसले तर कापूस तांबडा झाला. ते कण म्हणजे पिसवांनी पिऊन विष्ठेतून बाहेर टाकलेलं रक्त होतं, पिल्लांचंच.

नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिफ्टवर असतो. दुसऱ्या दिवशी घरी येताना तो औषधाच्या दुकानातून पिसवांच्या पावडरीचा डबा घेऊन आला. डब्यावर मोठ्या कुत्र्याचं चित्र.

"चिमूटभर टाकायची, सगळं साफ. दुकानदार म्हणाला."

"एवढ्याशा पिल्लांना चालतं का, विचारलंत?"

"चलता है म्हणाला."

"चलता है" म्हणणाऱ्या माणसाचा एकही कागद आजवर खरा निघालेला नाही. मी डबा स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला आणि ओळखीतून जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर मिळवला. त्या नागपूरच्या, मराठीतच बोलल्या.

"पावडर नाही, स्प्रे नाही, काहीच नाही. ती एकमेकांना चाटतात, सगळं पोटात जातं. बारीक फणीने विंचरा. निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात टाका, नाहीतर उडी मारून परत येते. कोमट पाण्यात बुडवलेल्या कपड्याने अंग पुसा आणि लगेच कोरडं करून ऊब द्या. आणि खालचं सगळं रोज बदला."

मी ते कागदावर लिहून घेतलं. फोन ठेवते तो सासूबाई समोर, हातात बारीक दातांची लाकडी फणी.

"हे घे. उवांची आहे."

फणी घेतली, पण मला ते खटकलं. पिल्लं घरात नको म्हणणारी बाई आज स्वतःहून फणी का आणून देते?

रोज ऑफिसातून आल्यावर मी आणि मुलगी बसायचो. पांढरा टॉवेल, साबणाच्या पाण्याची वाटी, कापूस, मुलीचा भुवयांचा चिमटा. ती पिल्लू मुठीत हलकं धरायची, फक्त डोकं बाहेर. मी हनुवटीखालून, कानामागून, काखेतून फणी फिरवायची. पिसू फणीत अडकली की वाटीत. पहिल्या दिवशी तीन पिल्लांवरून एकेचाळीस निघाल्या. मोजण्याचं काम मुलीचं, तिला त्यात मजा वाटे. पुसून झालं की पिल्लाला ओढणीत गुंडाळून ब्लाउजच्या आत छातीशी धरायचं, अंगाची थरथर थांबेपर्यंत. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. आत यायच्या नाहीत आणि जायच्याही नाहीत.

खोक्यातला कपडा मी रोज बदलत होते. त्यावर मात्र घरट्यातला तोच कापसाचा पुंजका परत ठेवायची. त्याला त्यांच्या आईचा वास होता. एवढं तरी त्यांच्यापाशी राहू द्यावं, असं मला वाटायचं.

विंचरायला लागल्यापासून चौथ्या दिवशी तो पुंजका खोक्यात नव्हता. कचऱ्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला सापडला. मी तो झटकून परत ठेवला. दोन दिवसांनी परत तेच. याही वेळी मी तो उचलून परत ठेवला, पण आता मनात फाईल उघडली होती. त्यांना ही पिल्लं जगायला नको आहेत, असं मी धरून चालले.

त्याच संध्याकाळी वरच्या फळीवरचा पावडरीचा डबा डावीकडे दिसला. मी उजवीकडे ठेवला होता. मी डबा खाली घेतला, झाकणावरून चिकटपट्टी लावली आणि पट्टीवरून डब्यापर्यंत पेनाने एक रेघ ओढली. ऑफिसात बंद लिफाफ्यांवर आम्ही असंच करतो. दुसऱ्या दिवशी आले तर पट्टी होती, पण रेघेची दोन टोकं जुळत नव्हती.

शुक्रवारी सकाळी सगळ्यात लहान पिल्लू दूध घेईना. उचललं तर ओल्या चिंधीसारखं हातावर पसरलं. ओठ बाजूला करून पाहिलं, हिरड्या पांढऱ्याफटक. मुलगी त्याला तळहातांत घेऊन फुंकर घालत राहिली. दहा-पंधरा मिनिटांत ते गेलं.

मी उठले आणि थेट सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. मुलगी ऐकतेय, हे मला दिसत होतं, तरी बोलले.

"आई, तुम्ही पावडर टाकली?"

त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले.

"नाही टाकली."

"डबा उघडलेला आहे. मी खूण केली होती."

"खूण केली होती?" त्यांनी एवढंच विचारलं आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मग भाजीची परात बाजूला सारून, गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

"मम्मी, आपने दादी को ऐसा क्यों बोला?" मुलगी रडत म्हणाली.  मी ऑफिसला रजा टाकली, उरलेली दोन पिल्लं आणि रुमालात गुंडाळलेलं तिसरं घेतलं आणि ऑटो बोलावली. मी मुलीला घेऊन बसते तो सासूबाई पदर खोचत बाहेर आल्या. "मी बी येते." कोणी विचारलं नव्हतं. पण नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मेलेलं पिल्लू उजेडात धरलं, केस उलटे करून पाहिले, वास घेतला. मी म्हटलं, "त्याच्यावर पावडर पडलीय का, तेवढं सांगा."

"पावडर कुठेच नाही. याच्या अंगात रक्तच उरलं नाही. पिसवांनी संपवलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "विंचरत होता ना रोज?"

"रोज."

"मग इतक्या पिसवा येताहेत कुठून?"

त्यांनी खोकं ओढून घेतलं. दोन्ही पिल्लं उचलून मुलीच्या हातात दिली. मग तो कापसाचा पुंजका चिमट्याने धरून पांढऱ्या कागदावर झटकला. कागदावर मिठासारखे पांढरे दाणे पडले, आणि त्यांच्यात सुताच्या तुकड्यांसारख्या बारीक अळ्या वळवळू लागल्या.

"हे काय ठेवलंय?"

"त्यांचं घरटं," मी म्हटलं. "आईचा वास…"

"अहो, अंडी आहेत ही पिसवांची. तुम्ही वरून काढता आणि खालून नव्या येतात. सगळं बदला, असं म्हटलं होतं ना मी?"

सासूबाई माझ्या शेजारच्या स्टुलावर होत्या. "मी दोनदा फेकलं आणि हिने दोनदा कचऱ्यातून उचलून आणलं," हे त्या आता सांगणार, म्हणून मी मान खाली घालून थांबले. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. 

परतताना मुलगी मध्ये होती, मांडीवर पिल्लं. मीच विचारलं, "तुम्ही तिथे सांगितलं काहून नाही? तुम्ही तर ते फेकलं होतं."

"मले काय मालूम अंडे असतात म्हणून? घाण दिसे, म्हणून फेकलं." मग स्वतःच म्हणाल्या, "डबा मी उघडला होता. दोनदा. टाकणारच होती. रात्रभर खाजवून खाजवून जीव गेला होता माहा. म्हटलं, पिल्लं राहोत का जावोत."

"मग?"

"झाकण काढलं तर वास असा उठला का माह्याच डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, हे एवढुशे नाकं, कसे सहन करतीन? ठेवून दिला."

म्हणजे माझा संशय पूर्ण खोटा नव्हता. पण पिल्लू मेलं ते माझ्या हाताने. 

घरी आल्यावर खोकं आणि घरटं साबणाच्या उकळत्या पाण्यात बुडवून बाहेर टाकलं. चादरी, पडदे, ओढण्या, सगळं उकळलं. पिल्लांसाठी प्लास्टिकची टोपली आणली आणि सासूबाईंनी आपलं जुनं सुती लुगडं फाडून त्याचे तुकडे केले. सकाळी एक, संध्याकाळी एक. सकाळचा त्याच बदलू लागल्या. ते झाल्यावर मी स्वयंपाकघरात त्यांना म्हटलं, "माझं चुकलं, आई."

"चुकलंच," त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटत राहिल्या. त्यांनी मला समजावलं नाही, की असू दे म्हटलं नाही. चार-पाच दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. ते योग्यच होतं. मुलीशी मात्र पिल्लांबद्दल तासन्‌तास बोलायच्या.

फणीत येणाऱ्या पिसवा बारा झाल्या, मग तीन, मग एकही नाही. पिल्लांच्या हिरड्या हळूहळू गुलाबी झाल्या. त्यांचे डोळे उघडले, मग ती पडद्यावर चढू लागली, आणि मेअखेर त्यांना टोपलीत ठेवणं अशक्य झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही मागच्या पेरूच्या झाडाला टोपली बांधली, झाकण उघडं ठेवलं. एक त्याच दिवशी गेलं. दुसरं पंधरा-वीस दिवस येत राहिलं, सासूबाईंच्या हातातून शेंगदाणा घ्यायचं, माझ्या हातातून नाही.

मग एक दिवस तेही आलं नाही. मी झाडाखाली, भिंतीमागे, नालीच्या कडेने शोधून आले. केस किंवा रक्त काही दिसतं का, ते पाहत होते.

"काय शोधून राहिली?" सासूबाईंनी विचारलं.

"गेलं कुठे, ते पाहतेय."

"मोठं झालं. गेलं."

मला ते पटलं नव्हतं. पण मी आणखी काही विचारलं नाही. त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि त्यांनी पुढे केलेले उरलेले शेंगदाणे दोघींनी मिळून खाल्ले.