पाहुण्यांना मोकळं, माईंना बंद

माई आठवडाभर घरीच होत्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, घसा बसलाय. घसा खरंच बसला होता, पण त्यांनी घरी बसण्याचं कारण ते नव्हतं. खरं कारण सुनेला कळलं भाजी निवडताना.

"तुझ्या लॅपटॉपचा काही दोष नाही गं," माई शेंगेचं देठ मोडत म्हणाल्या. "ग्रंथालयवाल्यांनीच मला बंद केलंय. तिथलं फोल्डर बाकी सगळ्यांना उघडतं, मला तेवढं उघडत नाही. व्यवस्थापक म्हणालाच होता, माई, आता जरा आराम करा. तोंडावर नाही म्हणायला जड जातं, मग माणूस हळूच दार लोटून घेतो."

"म्हणजे वाचन सोडलंत?"

"सोडलं नाही. सुटलं." एवढं बोलून त्या टोपली घेऊन आत गेल्या.

अंधांच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर ध्वनिग्रंथालय होतं. तिथं कपाटाएवढ्या एका खोलीत बसून माई वर्षानुवर्षं पुस्तकं मोठ्यानं वाचत. ध्वनिमुद्रण झालं की फाइल सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये जायची, आणि वरच्या मजल्यांवरची माणसं आपापल्या खोलीत ती उघडून ऐकायची. एक दंडक होता. वाचणाऱ्यानं नाव सांगायचं नाही, थेट पहिल्या वाक्याला हात घालायचा. पुस्तक आणि ऐकणारा यांच्यामध्ये तिसऱ्यानं कडमडायचं नाही. त्यामुळे वरच्यांना माई ठाऊक नव्हत्या आणि माईंना वरचे. गुडघ्यांमुळे त्या जिनाही कधी चढल्या नव्हत्या.

सून कार्यालयांतून कॉम्प्युटरच्या जोडण्या करून देई. सासूचं वाचन म्हणजे बिचाऱ्यांचा वेळ बरा जातो, असा तिचा समज होता. आठवड्यापूर्वी तिथला जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा तिनंच माईंना लॅपटॉप तयार करून दिला होता. आता त्याच लॅपटॉपवरून सासूचं मन मोडतंय म्हटल्यावर ती चप्पल पायात सरकवत म्हणाली, "चला, बघूया तरी कोणी दार लोटलंय ते."

ग्रंथालयात व्यवस्थापकांनी दोन्ही हात वर केले. "ताई, मी कशाला अडवू? इथं तर पाहुणा म्हणून कुणीही आत जातं. नाव नको, पासवर्ड नको. माईंना आराम करा म्हणालो ते खोकल्यामुळे हो! शिंकसुद्धा ध्वनिमुद्रित झाली होती."

"शिंक मी काढून टाकली होती," माई फणकारल्या.

सुनेनं आधी केबल पाहिली. मग सर्व्हरपर्यंत निरोप पोचतोय का ते पाहिलं, पोचत होता. नव्या लॅपटॉपांना पाहुण्याच्या वाटेनं जायची मुळातच मनाई असते, म्हणून ती मनाई तिनं उठवली. पालथ्या घड्यावर पाणी. पडद्यावर पुन्हा तीच चौकट: नाव सांगा, पासवर्ड सांगा. शेवटी तिनं स्वतःचा लॅपटॉप जोडला. फोल्डर चटकन उघडलं.

"बघ," माई हळूच म्हणाल्या, "तुला घेतलं."

ते शब्द सुनेला लागले. तिनं व्यवस्थापकांकडून सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मागून घेतला आणि त्याच्या पोटात शिरली. तिथल्या नोंदींत नकाराच्या प्रत्येक ओळीत कारण होतं, आणि ते कारण वाचून ती खुर्चीत सरळ झाली.

"माई, हा सर्व्हर अनोळखी नावाला काही विचारत नाही. पाहुणा समजतो, या बसा म्हणतो. पण नाव ओळखीचं निघालं, तर मात्र खूण मागतो. म्हणतो, तुम्ही घरच्या ना, मग किल्ली दाखवा. मी लॅपटॉपवर तुमचं नाव काय घातलं होतं? माई. आणि इथं माई नावाचं खातं आहे."

"माझं? मी कुठं काढलं खातं?"

व्यवस्थापकांनाही पत्ता नव्हता. त्यांनी हा सर्व्हर उभारणाऱ्या वायरमनकाकांना फोन लावला. काका आता दूर, लेकीकडे राहत. फोनमधून त्यांचा दणदणीत आवाज आला, "मग कुणाच्या नावानं काढणार? तेव्हा वाचणाऱ्या त्या एकट्याच होत्या! पुढं सगळ्यांसाठी पाहुण्यांची वाट केली, पण पहिलं खातं त्यांचं. पासवर्ड? तो जुन्या कॉम्प्युटरात मीच कायमचा घालून ठेवला होता. आता मला काल काय जेवलो तेही आठवत नाही, हो!"

सून त्या खात्याच्या नावावर कोणती फोल्डरं आहेत ते पाहत होती. पडदा सरकत होता, सरकतच होता. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, कायद्याची जाडजूड पुस्तकं, मधमाशा पाळायचं पुस्तक, बाळंतपणानंतर घ्यायची काळजी. ज्याला ती वेळ घालवणं समजत होती, ते सरकून संपेना. तिची बोटं थांबली. एकाच घरात, एकाच ताटलीतून पापड मोडून खाताना हे माणूस एवढं मोठं आहे हे आपल्याला दिसलं कसं नाही?

"नवा पासवर्ड घाला माई. तुमचा तुम्हीच. मी तोंड फिरवते."

माईंनी एका बोटानं, शोधत शोधत तो घातला. फोल्डर उघडलं. आठवडाभर लॅपटॉपवर अडकून पडलेलं प्रकरण त्यांनी त्यात टाकलं. एका बोटीवरच्या स्वयंपाक्याची गोष्ट होती. मागच्या प्रकरणात बोट वादळात सापडली होती आणि वर पोचलेली गोष्ट तिथंच येऊन अडली होती.

सुनेनं सहज पडद्यावरची शेजारची खिडकी उघडली. या घडीला कुठल्या खोलीत कुठली फाइल उघडी आहे ते तिच्यात दिसायचं. आधी एक ओळ आली. मग आणखी एक. मग एकदम तीन. सगळ्यांत तेच प्रकरण.

"हे काय गं?"

"वरच्या खोल्या आहेत माई. ऐकताहेत."

"कोणाला?"

"तुम्हाला. आत्ता."

माईंनी छताकडे पाहिलं. वरून काहीच ऐकू येत नव्हतं. पावलं नाहीत, खुर्ची ओढल्याचा आवाज नाही. नेहमी गजबजलेला तो मजला चिडीचूप झाला होता. ओळी मात्र वाढत होत्या. व्यवस्थापक उभ्याउभ्या कुजबुजले, "वरचे रोज विचारायचे हो, वादळाचं पुढं काय झालं म्हणून. मला वाटलं, हवामानाचंच विचारताहेत!"

कुणी हसलं नाही. माईंचा हात नकळत तोंडावर गेला होता, जणू इथं मोठ्यानं श्वास घेतला तर वर कुणाचं तरी वाक्य हुकेल. बसलेल्या घशानं वाचलेलं ते प्रकरण. दर दोन पानांनी फाटणारा तो आवाज. आणि त्याच्याभोवती श्वास रोखून बसलेला अख्खा मजला.

"किती मोठं आहे ते प्रकरण?" माईंनी विचारलं.

"अर्ध्या तासाचं असेल."

"मग अर्ध्या तासानं काय करतील ते? बोट तर बुडायला आलेली." माई गुडघ्यावर हात रोवून उठल्या. "पाणी दे. कोमट दे. आणि व्यवस्थापकसाहेब, खोकला आला तर येऊ दे, काढून टाकता येतो. तेवढा पंखा बंद करा."

कपाटाएवढ्या खोलीचं दार त्यांनी आतून ओढून घेतलं.