ठरावाने लागलेलं पाणी

आमच्या हायस्कुलात पहिला तास सहकार कायद्याचा आणि शेवटचा भूगोलाचा, म्हणजे दगडांचा. दोन्ही मीच घ्यायचो, कारण शाळेच्या चेरमनच्या मते दोन्ही विषयांची लायकी एकच होती आणि माझीही तेवढीच. धारूरच्या डोंगराला टेकलेलं ते गाव, आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष. मी समुद्रप्रवाह शिकवायला लागलो की अख्खा वर्ग ओठांवरून जीभ फिरवायचा.

चेरमन एकच, खुर्च्या अनेक. शाळा त्याची, विकास सोसायटी त्याची, साखर कारखान्याच्या संचालकांत तो, दूध संघातही तो. गावात दूध नव्हतं, पण संघ होता.

सोसायटीने गावासाठी एक बोअर घ्यायचं ठरवलं. जागा दाखवायला चेरमनचा मेव्हणा आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चालायचा. खाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, असा त्याचा दावा. सगळं शिवार त्याने पालथं घातलं. नारळ कुठेही हलला नाही, तो थेट चेरमनच्या मोसंबीच्या बागेत ताठ उभा राहिला. एवढा आज्ञाधारक नारळ मी पाहिला नव्हता.

मी वर्गाला हातोड्या देऊन तिथे नेलं. बागेखाली अखंड काळा पाषाण, भेग नाही, म्हणजे पाणी साठायला जागा नाही. ओढ्याकाठचा खडक मात्र फुटलेला. तसं मी चेरमनला सांगितलं.

"मास्तर, तुमी दगडं शिकवा. पाणी आमी बघतो."

मशीन तीन दिवस धडधडलं. इतका राखाडी भुगा उडाला की गावातल्या काळ्या म्हशी भुऱ्या झाल्या आणि संध्याकाळी चुकीच्या गोठ्यांत बांधल्या गेल्या. पाण्याचा थेंब नाही. पण उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. मग चेरमनने सोसायटीची सभा लावली. सभासद जमले नाहीत, नेहमीप्रमाणे. जमणार कसे, नोटीस त्याच्याच न्हाणीच्या दारावर डकवलेली. अर्धा तास सभा तहकूब, त्यानंतर असतील तेवढ्यांत ती कायदेशीर. पाच पित्त्यांनी चहा घेतला आणि ठराव केला: बोअरला मुबलक पाणी लागले असून ही सभा समाधान व्यक्त करते.

ठरावाची नक्कल तहसिलीत पोचली आणि गावाचा सरकारी टँकर बंद झाला. बायका तीन कोसांवरच्या झऱ्याला जाऊ लागल्या. चेरमनच्या बंगल्यावर मात्र कारखान्याचा टँकर मागच्या दाराने येतच होता.

दुसऱ्या दिवशी एका मेंढपाळाची पोरगी वर्गात उभी राहिली. "सर, पहिल्या तासाला ठरावात पाणी हाय अन् शेवटच्या तासाला खडकात न्हाई. पेपरात काय लिहू?"

मी पगारी माणूस. बंड करायचं तर अभ्यासक्रमातलंच. त्यानंतर आठ दिवस मी एवढंच शिकवलं, की सभासद खरोखर सभेला आले तर काय होतं, आणि साध्या सभासदालाही ठराव मांडता येतो. गृहपाठ दिला: घरी मोठ्याने वाचा.

पुढच्या महिन्यात कडब्याच्या वाटपाची सभा लागली. नोटीस पुन्हा न्हाणीवरच, पण सगळा गाव आला. मेंढ्यासुद्धा आल्या. चेरमन सवयीने घड्याळ बघत बसला.

सेक्रेटरी कानाशी गेला. "साहेब, कोरम झालाय."

"कावून?" चेरमनने विचारलं. सभासद सभेला का म्हणून येतील, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

त्या पोरीचा बाप उठला. "बोअरला पाणी हाय, तसा ठरावच हाय. मग सायबाच्या बंगल्यावरचा टँकर बंद करावा. सायबानं बोअरचं पाणी प्यावं. लिवा."

सगळे हात वर झाले. टँकर वाचवायचा तर ठराव खोटा, ठराव वाचवायचा तर घरात घागरी कोरड्या. तेवढ्यात बायकांमधून चेरमनची बायको उठली. ती कागदोपत्री संचालक होती. आजवर तिची फक्त सही सभेला यायची.

"मी भुगा पिणार न्हाई. टँकर बंद झाला तर मी माहेरी चालले."

"माहेरी तो नारळवालाच हाय, वैनी," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "बोअर कोरडा हाय, असं लिवून घ्या," ती सेक्रेटरीला म्हणाली. "अन् ह्यांची सही आत्ताच घ्या."

चेरमनने सही केली. नक्कल घेऊन मेंढपाळ त्याच दुपारी तहसिलीत गेला आणि शिक्का बसेपर्यंत दारात बसून राहिला. चौथ्या दिवशी टँकर गावात शिरला. पुढे हार घेऊन कोण उभं असावं? चेरमनच. आपणच तो खेचून आणला, असं त्याने भाषण ठोकलं आणि मेव्हण्याच्या हातातला तोच नारळ टँकरपुढे फोडला.

त्यातून वाटीभर पाणी निघालं. त्या मेव्हण्याने गावाला काढून दिलेलं पाणी म्हणजे तेवढंच.