वसतिगृहाचा आहेर

प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, आठ दिवस नागपूरला जाऊन या. तिथल्या एका जुन्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा संघ आहे. जुन्या पोरांना ते कसे धरून ठेवतात, देणग्या कशा मिळवतात, सगळं नीट शिकून या." मी तेव्हा यवतमाळच्या एका नव्या कॉलेजात कारकून होते. वय चोवीस, नोकरी तात्पुरती, आणि महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. मला वाटलं, मला विलायतेलाच पाठवून राह्यले. प्राचार्यांना धड 'हो' म्हणायचंसुद्धा राहून गेलं, मी आधी घरी पळाले.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "काहून वं, आता मागायचंबी शिक्षण असते काय?"

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, जेवायला घरी आले होते. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, त्या दिवसापासून गावकीची भाकर मागायला दारोदार जाणं आम्ही कायमचं सोडलं होतं. त्यामुळे आईच्या प्रश्नात नुसती थट्टा नव्हती, हे मला कळलं. बाबांनी हात धुतले, ताट पुढं ओढलं. मग म्हणाले, "ते मागणं पोटासाठी होतं, ते गेलं. हे शिकण्यासाठी हाय. जाऊ दे तिले." मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

या सगळ्याच्या मागे एक मुलगी होती. मॅट्रिकची परीक्षा संपली त्याच आठवड्यात कळंबकडच्या एका खेड्यातला बाप तिला घेऊन कचेरीत आला होता. आमच्याच समाजाचा, रोजमजुरी करणारा. पोरगी काळीसावळी, उंच, आणि नजर सरळ. बाप म्हणाला, "पोरगी पास होईन, त्याची फिकर नाई. पण ठेवू कुठी? खोली पाहाले गेलतो तं आधी जात इचारतेत. खानावळवाला म्हंते, ताट घरून आणा अन् बाहेर बसा. तुमच्या इथं मुलींची सोय हाय काय? अन् असन तर हिले पंगतीत बसवतीन काय?"

मी म्हटलं, हो. सोय होते, आणि पंगतीतच बसेल. कुणाला विचारून म्हटलं? कुणालाच नाही. माझा स्वभावच तसा, आधी तोंड चालतं, मग डोकं. बाप निर्धास्त होऊन गेला आणि मी घाबरून प्राचार्यांच्या खोलीत गेले. ते माझ्यावर ओरडले नाहीत. वसतिगृहासाठी एक घर मिळालेलं होतं, पण संस्थेच्या अध्यक्षांची अट होती: जूनच्या आत खानावळ उभी राहिली पाहिजे, आणि तीही माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून. नाही झालं तर घर परत आणि वसतिगृह पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षापर्यंत ती मुलगी कोणाच्या तरी घरची सून झाली असती, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नागपूरचे ते आठ दिवस मी आजही आठवले की हसू येतं, इतकी मी हरखून गेले होते. तिथले मुख्य कारकून काळी टोपी घालणारे, वाळकेसे गृहस्थ होते. त्यांच्या कपाटात प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याच्या नावाचं एक कार्ड. कुठं असतो, काय करतो, बाकावर शेजारी कोण बसायचं, कोणत्या मास्तरांनी त्याला सर्वांत जास्त मारलं. "मारणाऱ्या मास्तरांची आठवण काढा," ते मला म्हणाले, "माणूस लगेच मऊ होतो." मागताना आकडा सांगावा, उभ्या उभ्या मागू नये, आभाराचं पत्र आठवड्याच्या आत जावं. मी अख्खी वही भरली. परतीच्या गाडीत ती वही मी पर्सवाल्या बायांसारखी काखेत घट्ट धरून बसले होते.

मग मी जिल्हा पालथा घातला. आमची संस्था आधी शाळा होती, कॉलेज नंतर झालं, म्हणून जुनी मुलं म्हणजे दुकानदार, अडते, मास्तर, मेकॅनिक, शेतकरी, कोण कोण. दिग्रसला एका कापसाच्या अडत्याच्या पेढीवर मी सकाळी आठलाच जाऊन पोचले. बसले, मास्तरांची आठवण काढली, आकडा सांगितला, सगळं वहीप्रमाणे. तो भडकला. "बाई, बोहनी नाई झाली अजून, अन् तुमी हात पसरला?" मीही काय कमी? म्हटलं, "हात नाही पसरला, पावतीपुस्तक पसरलंय." तो एवढ्या जोरात हसला की मापारी वळून पाहायला लागले. चहा पाजला, तासभर शाळेच्या गोष्टी सांगितल्या, आणि पैसा एकही दिला नाही. मी वहीत लिहून ठेवलं: बोहनीच्या आधी जाऊ नये. ही गोष्ट नागपूरच्या साहेबांनाही ठाऊक नव्हती.

फिरून फिरून दोनेकशे पत्ते जमले, आणि नागपूरसारखं प्रत्येकाचं एक कार्डही मी केलं. मे महिन्यात मेळावा ठरला, आता निमंत्रणं छापायची होती. यवतमाळात आमच्या ओळखीचा एकच छापखाना, एका मुसलमान चाचांचा. तेही संस्थेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, म्हणजे माझ्या यादीतले. मी त्यांना नागपूरच्या नमुन्यावरून लिहिलेला दीड पानी मजकूर दिला, आणि छापून परस्पर टपालात टाकायला पत्त्यांची यादीही. चाचांनी चष्मा वर करून पाहिलं. "बेटी, इतकं लंबं कोन वाचते?" मी म्हटलं, वाचतील, तुम्ही छापा. दोन दिवसांनी त्यांचा माणूस प्रूफ घेऊन एस.टी. स्टँडवर आला. पुसदची बस सुरू झालेली, कंडक्टर घंटी मारतोय. मी खिडकीतून हात काढून, न वाचता, सही ठोकली. ती चूक सर्वस्वी माझी.

पुसदला माझ्या यादीतली एक जुनी विद्यार्थिनी होती, आता चांगल्या शेतकऱ्याच्या घरात दिलेली. मी दोन-तीन दिवस तिकडची गावं करून शेवटी तिच्याकडे गेले. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमची पत्रिका आली नं कालच. लग्न कोनाचं हाय?" मी पत्रिका हातात घेतली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पिवळा कागद, लाल शाई, चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं. वर गणपतीचा ठसा. खाली: 'आपल्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे मंगल कार्य योजिले आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार येऊन कार्यास शोभा आणावी.' देणगीचा एक शब्द नाही. बौद्धाच्या मुलीनं मुसलमानाच्या छापखान्यात टाकलेल्या कागदावर गणपती येऊन बसला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, माझं उलटंच झालं होतं.

परत आल्या आल्या मी छापखान्यात गेले आणि चाचांना काय काय बोलले ते सांगत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वैशाखात पिवळी पत्रिका कोनी फेकत नाई, बेटी. तुझा कागद चुलीत गेला असता." मी पाय आपटत निघून आले. प्राचार्यांनी डोक्याला हात लावला, पण पत्रिका गावोगाव पोचल्या होत्या. आता मागे घेता येत नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या दारात उभी होते. पहिली बस आली, दुसरी आली, आणि लोक उतरायला लागले. बायकापोरांसकट, नवी लुगडी, कडक इस्त्रीची धोतरं. आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही. पितळी घागर. तांब्याचा हंडा. परात. पाच ताटं, वाट्या, गडवे. दिग्रसचा अडता आला तो मजुराच्या डोक्यावर एवढं मोठं भगुणं देऊन. लग्न तर लग्न, रिकाम्या हातानं जाणार कोण? दुपारपर्यंत व्हरांड्यात भांड्यांचा डोंगर झाला. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि मी नुसती इकडून तिकडे धावत होते. एका म्हाताऱ्यानं मला थांबवून विचारलं, "नवरी कोठी हाय वं?" मी म्हटलं, "जूनमधे येते, बाबा." त्यानं मान हलवली, जणू हे अगदी रीतीला धरून होतं.

अध्यक्ष आले. त्यांनी भांड्यांकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "रोख किती जमली?" मी खरं ते सांगितलं. रोख जवळजवळ नव्हतीच. "मग हे काय भांड्यांचं दुकान मांडलंय? यात मुली जेवणार काय, वारा? पुढच्या वर्षी पाहू."

माझं डोकं सणकलं. पुढच्या वर्षी म्हणे. माझ्या डोळ्यांपुढे कळंबकडचा तो बाप आला. मी सरळ मांडवात गेले आणि भोंगेवाल्याच्या हातातून माईक घेतला. आमच्याकडे लग्नात आहेर भोंग्यावरून पुकारतात, लहानपणापासून ऐकलेलं, चाल पाठ होती. मी सुरू झाले. नाव, गाव, आणि शाळेत काय उद्योग केले तेही, कारण कार्डावर सगळं लिहिलेलं होतं. "दिग्रसचे अडते, मॅट्रिकला दोनदा बसलेले, यांच्याकडून भगुणं एक." मांडव हसून हसून लोळला. "दारव्ह्याचे मेकॅनिक, मास्तरांच्या सायकलीची हवा सोडणारे, यांच्याकडून ताटं पाच." ज्याचं नाव आलं तो उठून उभा राही, आणि ज्याचं यायचं होतं तो मान उंच करून बसे. प्राचार्य हसत होते. अध्यक्ष हसत नव्हते.

भांडी संपली. मी माईक सोडला नाही. तेवढ्यात पुसदची ती जुनी विद्यार्थिनी बायकांतून उठली. "अवं बाई, भांडे झाले, शिजवान काय त्याच्यात? लिहा माह्याकडून दोन पोते ज्वारी, जूनच्या आत पोचतीन." नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, पण बोलायची सोय नव्हती, भोंग्यानं ते गावभर केलं होतं. मग अडता कशाला मागे राहतो? "तुरीची दाळ, पोतंभर. अन् दरसाल." मेकॅनिक म्हणाला, "सरपन आनून देतो, गाडी आपलीच हाय." तेल आलं, मिरची आली, गूळ आला. चाचा कोपऱ्यात उभे होते, ते म्हणाले, "पावत्या, कार्डं, पत्रिका, जितके साल छापखाना हाय तितके साल फुकट." मी माईकवरून सांगितलं, "गणपती सोडून." पुन्हा मांडव हसला. शेवटी अध्यक्ष उठले. त्यांना राहवलं नाही की लाज वाटली, देव जाणे. स्वयंपाकिणीचा वर्षाचा पगार मी देतो, म्हणाले. मी माईक ठेवून पेन शोधेपर्यंत प्राचार्यांनी ते लिहूनही टाकलं.

वर्गणी दिली की माणूस पावती घेऊन घरी जातो. आहेर दिला की तो सोयरा होतो, आणि सोयऱ्याला येऊन पाहावंच लागतं. नागपूरच्या वहीत हे नव्हतं. मी त्याच आठवड्यात भांड्यांवर नावं घालणाऱ्याला व्हरांड्यात बसवलं आणि प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव-गाव घालून घेतलं. मग एक पोस्टकार्ड कळंबकडे टाकलं: सोय झाली, पोरीला घेऊन या.

ती पास झाली आणि जूनमध्ये बापाबरोबर आली. पहिल्या दुपारी अकरा जणी पंगतीला बसल्या. मी वाढायला मुद्दाम थांबले होते. ती सगळ्यांच्या शेवटी आली, दाराच्या चौकटीला लागून बसली, आणि तिनं आपल्या गाठोड्यातून जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, एक ताट काढून पुढ्यात ठेवलं.

मी जवळ गेले. "कोणी सांगितलं तुले हे आणायले?"

"कोनी नाई."

"मग?"

"बाबानं बांधून देल्लं."

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. तिच्या बापावर? त्यानं जे जन्मभर पाहिलं तेच बांधून दिलं होतं. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता, आणि तरी त्यानं ताट बांधलं होतं. मी ते ताट उचललं, तिच्यापुढे पितळी ताट ठेवलं, तिला आत सरकून बसायला सांगितलं. शेजारी पुसदकडच्या एका पाटलाची मुलगी होती, तिनं हे सगळं पाहिलं आणि मांडी थोडी आवरून घेतली. मला कळलं नाही, जागा करून दिली की अंग चोरलं. जेवणं झाल्यावर जर्मनचं ताट बाकीच्या ताटांबरोबर घासायला पडलं आणि त्यांच्यातच रचलं गेलं.

संध्याकाळी मुली रांगेनं येऊन वरचं वरचं ताट उचलत होत्या. जर्मनचं ताट पाटलाच्या मुलीच्या हाती आलं. पितळेच्या राशीत ते एकटंच पांढरं, न ओळखण्यासारखं नव्हतं. तिनं क्षणभर पाहिलं, पदरानं पुसलं आणि जाऊन बसली. कळंबकडची मुलगी समोर बसली होती. तिचा घास हातातच राहिला. पाटलाच्या मुलीनं भाकर मोडली, भाजीत बुडवली, खाल्ली, आणि मग हिच्याकडे हात करून म्हणाली, "अवं, मीठ दे ना इकडे."

हिनं मीठ दिलं. मी धूर लागला म्हणून डोळे पुसत होते, आणि चूल तर केव्हाच विझली होती. तेवढ्यात पंगतीतून कळंबकडच्या मुलीचा आवाज आला. दुपारी वाढलं तेवढंच खाऊन उठलेली ती पोरगी मागत होती, "बाई, मले अजून एक भाकर पाह्यजे."