कोण आसा काय

आमचं घर डोंगरावर, म्हणून आवाज पकडून पुढे ढकलणारी पेटी बसवायला खालच्या वाडीतल्या रेडिओवेड्या माणसाला आमचीच गच्ची सापडली. ही पेटी इंटरनेटने पुण्यातल्या तसल्याच पेटीला जोडली की हातातल्या वॉकीटॉकीवरून थेट पुण्याशी बोलता येतं म्हणे. तीन दिवस तो वायरी ओढत होता. वायर दातांनी सोलायचा आणि साल खिशात घालायचा, तेवढेच माझ्या झाडूवर उपकार.

"इंटरनेट आसा, मगे फोनच कर मरे," मी म्हटलं.

"काकी, फोनाक नंबर व्हयो. माझो फोन उचलतलो कोण रवलो नाय. हय नुसता 'कोण आसा काय' म्हटला तरी चलता."

मग त्याने हाक मारली. पुन्हा मारली. साठीचा बाप्या, पण पोरासारखा वॉकीटॉकीला कान लावून बसला. चौथ्या हाकेला पुण्याहून कोणीतरी विचारलं, "तिकडे पाऊस आहे का?"

बाहेर कडकडीत ऊन होतं. तरी हा अर्धा तास पावसावर बोलला.

माझ्या फोनात तीन मुलांचे नंबर आहेत. तिघांनाही इथलं हवामान मोबाईलवर दिसतं, त्यामुळे विचारायची वेळ येत नाही.