चौथा ठिपका

सानपाड्याची संघमित्रा तांबे एपीएमसीत एका आडत्याच्या गाळ्यावर माल तपासते. गोणीच्या तोंडाशी टपोरे कांदे आणि तळाशी सडके, हे रोज बघून तिची नजर पक्की संशयी झालेली. त्या नजरेला निवृत्त शिक्षक चंद्रशेखर सरांनी दुसरंच काम लावलं. लघुग्रह शोधायच्या एका मोहिमेसाठी त्यांनी हौशी लोकांचा संघ उभा केला होता, त्यात तिला घेतलं. दूरदेशीच्या दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो लॅपटॉपवर एकामागून एक फिरवायचे. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका सरळ रेषेत सरकतो, तो लघुग्रह असू शकतो. दोन वर्षं डोळे फोडूनही बाईच्या हाती काही लागलं नव्हतं.

आणि एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ठिपका सरकला. तीन फोटोंत स्पष्ट, चौथ्यात मात्र एका ठळक ताऱ्याच्या उजेडात गडप. अहवाल पाचच्या आत पाठवायचा होता. तीन खुणा म्हणजे कच्चं काम, चार म्हणजे भक्कम. सर फोनवर म्हणाले, अंदाजाने लाव, सगळेच लावतात. तिने पडद्यावर पट्टी धरून रेषेत चौथी खूण केली आणि अहवाल पाठवून दिला.

मग अर्धा डबा तिने तसाच बंद करून ठेवला. ज्यांना गोणीपायी रोज झापतो, त्यांच्याच पंगतीला आपण जाऊन बसलो, याची तिला शरम वाटली. खरं सांगितलं तर संघ बाद होणार आणि एकुलता ठिपकाही जाणार. दोन दिवस ती तेच फोटो पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. तिसऱ्या दिवशी मोहीमवाल्यांना तिने कळवून टाकलं, की चौथी खूण मी पाहिलेली नाही, ती काढा.

सर भडकले. "मोठी हरिश्चंद्र लागून गेलीस. संघ बुडाला तर माझ्या दारात येऊ नको," म्हणाले आणि फोन ठेवला.

आठ दिवस ती दर तासाला मेल उघडून बघायची. शेवटी उत्तर आलं. तो लघुग्रह अकरा वर्षांपूर्वीच दुसऱ्या कुणाला सापडलेला होता. तिच्या तीन खुणा त्याच्या वाटेवर बरोबर बसत होत्या. अंदाजाने लावलेली चौथी रेषेत असूनही चांगलीच पुढे पडली होती. संघ मात्र शाबूत होता.

वजनकाट्यामागे जाऊन ती रडली. दोन वर्षांचा ठिपका परक्याचा निघाला, याचं दुःख काही लहान नव्हतं.

संध्याकाळी सर स्वतः गाळ्यावर आले. तिच्याकडे न बघताच त्यांनी पेन ड्राइव्ह काट्यावर ठेवला.

"नवे फोटो आहेत. दिसणार नाही तिथे रिकामं सोड."