रोसाच्या आजीचे गिनीपिग आणि माझा डबा

मंडळी, आज माझं चुकलं, म्हणून लिहितोय.

ठाण्याच्या ऑफिसात व्हिडिओ कॉलवर पेरू देशातली आमची सहकारी रोसा सांगत होती, "आमच्या आजीच्या चुलीजवळ गिनीपिग फिरत असतात. पाहुणे आले की त्यातलाच एक रांधतात. तो पाहुण्यांचा मान असतो."

आमच्या टीमने म्यूट केलं. "शी! उंदीर खातात यार!" सगळे हसले. मीपण हसलो.

मग मानपाड्याचं आमचं घर आठवलं. जावई आले की आई अंगणातला कोंबडा धरते. तोही मानच ना?

आणि मी? वासाला नाकं मुरडतील म्हणून सुकटीचा डबा ऑफिसात कधी नेलाच नाही.

उद्या रोसाची माफी मागणार, म्यूट न करता. आणि डब्यात सुकटच असणार. ज्याला वास सोसत नसेल, त्याने दुसऱ्या टेबलावर बसावं.