पहिला नांगर पाटलांचा

परवा अमरावतीच्या कापूस बाजारात आमच्या हिनं कमाल केली!

आम्ही अंजनगावचे माळी, वांगी-मेथी विकणारे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, म्हणून यंदा पहिल्यांदाच मळ्यात कापूस लावला. वर्षाची सगळी मेहनत एका गाडीत भरून आलो होतो...

काट्यावर गाड्यांची रोजची मारामारी. म्हणून मागच्या बाजारी सगळ्यांनी लिंबाखाली बसून नियम लिहून घेतला... जो आधी येईल त्याचं माप आधी, मग तो कोणी का असेना. आमच्या गावचे पाटील तर हटूनच बसले, कागदावर पहिला मान माझा! सहीला ज्याच्या त्याच्या कामाची निशाणी काढायची; त्यांचा नांगर सगळ्यात वर निघाला, तेव्हा कुठे बाकीच्यांच्या निशाण्या निघाल्या. आमचं खुरपं अगदी तळाशी.

परवा दोन दिवस रांगेत काढल्यावर आमची पाळी आली आणि नेमकं आभाळ भरून आलं. भर थंडीत! कापूस भिजला की मातीमोल. तेवढ्यात पाटलांची गाडी आली... थेट आमच्या पुढे, काट्याला लागून.

मला मोडी वाचता येते, नियम पाठ होता. पण पाटलांसमोर माझी जीभच उचलेना. ही मात्र गाडीवरून उतरली, मापाऱ्याच्या पेटीतला कागद मागून घेतला आणि पाटलांपुढे धरला.

“पाटील, हा वरचा नांगर कोनाचा हाय?”

“माहाच! पयला मान माहाच असते.”

“मंग तुमीच पाळी काहून मोडून राहिले?”

“अवो बाई, पोळ्याले बी माहेच बैल पुढं असतात.”

“पोळ्याचा मान तुमचाच. पन हा नियम बी पयले तुमीच मानला, मंग आमी.”

पाटलांनी कागदावरच्या त्या नांगराकडे नीट बघितलं... मग स्वतः बैल वळवले आणि पार शेवटी जाऊन उभे राहिले. रांगेत असा काही जल्लोष झाला म्हणता!

आमचं माप झालं आणि थेंब पडायला लागले, आमच्या रिकाम्या गाडीवर. आमची ताडपत्री हिनंच पाटलांच्या कापसावर नेऊन टाकली. त्यांनी एक टोक धरलं.

हिला अक्षर ओळखू येत नाही. मी शिकलेला... पण त्या कागदावर काय लिहिलंय, ते मला परवा हिच्यामुळे कळलं.